जुनाट हार्ट फेल्युअरमधील रक्ततपासण्या: पुढील धोक्याचा अंदाज पायरीपायरीने कसा घ्यावा

हार्ट फेल्युअरचे (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याचे) निदान होऊन दोन-तीन वर्षे झालेल्या, औषधे नियमित घेणाऱ्या आणि एकंदरीत बऱ्या असलेल्या रुग्णाच्या हाती प्रयोगशाळेचा कागद येतो. त्यावर एनटी-प्रोबीएनपी या, हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या तपासणीसमोर १,८४० हा आकडा ठळक अक्षरांत असतो आणि शेजारी 'सामान्य मर्यादा १२५ पेक्षा कमी' असे छापलेले असते. जवळजवळ पंधरा पट आकडा पाहून घरातल्यांचा धीर सुटतो. परंतु १२५ ही मर्यादा, धाप लागण्याची तक्रार घेऊन प्रथमच आलेल्या व्यक्तीला हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता कितपत आहे, हे ठरवण्यासाठी आहे. ज्याचे निदान आधीच झालेले आहे, त्याच्यासाठी प्रश्न वेगळा असतो: हा आकडा त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्यापेक्षा किती बदलला, आणि त्या बदलाचा पुढच्या काही महिन्यांशी किंवा वर्षांशी काय संबंध आहे. छापील मर्यादा या प्रश्नाचे उत्तर देत नाही, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कसे शोधावे हे येथे मांडले आहे. हा लेख प्रामुख्याने रुग्णांची फाइल सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आणि अशा रुग्णांना नेहमी पाहणाऱ्या सामान्य डॉक्टरांसाठी आहे. औषधांचे निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचे आहेत.

पहिली पायरी: तपासणी नेमकी कोणती आहे ते पाहा

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन तपासण्यांची गल्लत फार होते, आणि मागचा-पुढचा आकडा चुकीने जुळवला जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तेथील पेशी प्रोबीएनपी नावाचे १०८ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार करतात. ते तुटून दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो प्रत्यक्ष काम करतो, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतो व रक्तवाहिन्या सैल करतो. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो स्वतः काही करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो. बीएनपीचे प्रमाण सुमारे २० मिनिटांत निम्म्यावर येते, तर एनटी-प्रोबीएनपीला त्यासाठी एक ते दोन तास लागतात. त्यामुळे एकाच माणसात, एकाच दिवशी, एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बीएनपीच्या कित्येक पट असतो आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे भरवशाचे सूत्र नाही. निदानाच्या मर्यादाही म्हणूनच वेगळ्या आहेत: तातडीची परिस्थिती नसताना बीएनपीसाठी ३५ आणि एनटी-प्रोबीएनपीसाठी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. बीएनपीमधील 'बी' मेंदूच्या इंग्रजी नावावरून आलेला आहे, कारण १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हे द्रव्य प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले. ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकांमधून, म्हणजे खालच्या कप्प्यांमधून येते हे नंतर कळले, पण नाव तेच राहिले.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. ज्या रुग्णाला सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे औषध सुरू आहे, त्याच्यासाठी एनटी-प्रोबीएनपीच मागवावे. सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिन या विकराला (एन्झाइमला) रोखते, आणि बीएनपीचे विघटन करणाऱ्या विकरांपैकी ते एक आहे. परिणामी औषध लागू पडत असतानाही बीएनपी वाढलेले दिसू शकते, तर एनटी-प्रोबीएनपीचे विघटन नेप्रिलायसिन करत नसल्याने तो आकडा हृदयावरचा ताण प्रामाणिकपणे दाखवतो.

एककही एकदा तपासून घ्यावे. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर हे आकड्याने एकच आहेत, पण काही प्रयोगशाळा पिकोमोल प्रति लिटर वापरतात. एनटी-प्रोबीएनपीच्या बाबतीत एक पिकोमोल म्हणजे सुमारे ८.४६ पिकोग्रॅम. हा फरक लक्षात आला नाही, तर प्रयोगशाळा बदलताच आकडा आठ पटींनी 'सुधारलेला' दिसतो.

दुसरी पायरी: स्थिर अवस्थेतील पायाभूत आकडा नोंदवा

भविष्याच्या अंदाजासाठी सर्वांत उपयोगी आकडा रुग्णालयात दाखल असतानाचा नसतो, तर रुग्ण घरी आलेला असताना, सूज उतरलेली असताना आणि औषधांचे प्रमाण काही आठवडे न बदललेले असतानाचा असतो. याला आपण पायाभूत आकडा म्हणू. वहीत तो लिहिताना नुसता आकडा लिहून भागत नाही. त्याच्या शेजारी तारीख, प्रयोगशाळा, त्या सकाळचे वजन, नाडी नियमित आहे की अनियमित, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि त्या दिवशी चालू असलेल्या औषधांचे डोस लिहावेत. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या आकड्याचा अर्थ लावताना याच नोंदी कामाला येतात आणि त्या आठवणीने सांगता येत नाहीत.

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. शक्य असेल तर दर वेळी तीच प्रयोगशाळा आणि तीच पद्धत ठेवावी. बीएनपी मोजायचे असेल तर नमुना प्लास्टिकच्या ईडीटीए नळीत घेऊन लवकर तपासावा लागतो, कारण ते रक्तात झपाट्याने तुटते. एनटी-प्रोबीएनपी त्या मानाने टिकाऊ आहे. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नमुना देण्यापूर्वी तसे सांगावे. काही तपासणी-पद्धतींमध्ये बायोटिनमुळे एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींची झीज दाखवणारे प्रथिन) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. खोटा दिलासा हा खोट्या भीतीपेक्षा जास्त घातक असतो.

तिसरी पायरी: हृदयाबाहेरच्या कारणांचा हिशेब करा

वाढते वय, मूत्रपिंडाची घटलेली क्षमता आणि एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय, या तीन गोष्टी आकडा वर नेतात. लठ्ठपणा तो खाली आणतो, आणि हा परिणाम किरकोळ नाही. बऱ्याच लठ्ठ रुग्णांमध्ये, विशेषतः ज्यांच्या हृदयाचे आकुंचन टिकून आहे पण भिंती ताठर झाल्या आहेत अशांमध्ये, स्पष्ट धाप आणि सूज असतानाही आकडा फारसा चढत नाही. म्हणून शंभर किलो वजनाच्या रुग्णाचा ३०० आणि बारीक, ऐंशी वर्षांच्या, मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णाचा १,२०० हे शेजारी ठेवून दुसऱ्याची प्रकृती चौपट वाईट असे म्हणणे चूक आहे. दोन माणसांची तुलना शक्यतो करूच नये.

तरीही मोठ्या समूहांत पाहिले तर आकडा आणि धोका यांचे नाते पक्के आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९ अभ्यासांच्या आढाव्यात असे दिसले की हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये बीएनपी दर १०० पिकोग्रॅमने वाढले की मृत्यूचा सापेक्ष धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो. या नात्यात कोठेही ठरावीक पायरी नाही. १,००० च्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोकादायक अशी रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती सोयीसाठी आपण आखतो.

चौथी पायरी: बदल खरा आहे का ते ठरवा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच घाईत सुटते. रुग्ण पूर्णपणे स्थिर असतानाही एनटी-प्रोबीएनपी आठवड्या-आठवड्याला खाली-वर होत राहते. साधारण ३० टक्क्यांच्या आतला फरक हा या नैसर्गिक हेलकाव्यात बसू शकतो. त्यापलीकडचा बदल मात्र कारण शोधण्याजोगा असतो.

एक काल्पनिक उदाहरण जवळून पाहू. ६७ वर्षांचे गृहस्थ आहेत, टू-डी एकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के आहे. वहीतील नोंदी अशा आहेत. जानेवारी: एनटी-प्रोबीएनपी १,८४०, वजन ७१.२ किलो, क्रिएटिनिन १.३. मे: १,५२०, वजन ७१.०, क्रिएटिनिन १.३. सप्टेंबर: २,३१०, वजन ७१.४, क्रिएटिनिन १.४. जानेवारी ते मे या काळातली घट १७ टक्के आहे. 'औषधे लागू पडली' असे त्यावरून म्हणण्याचा मोह होतो, पण हा फरक हेलकाव्यातला असू शकतो. मे ते सप्टेंबर वाढ मात्र ५२ टक्के आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही.

येथे बहुतेकांचा हात लघवीच्या गोळीकडे जातो: आकडा वाढला म्हणजे अंगात पाणी साठले असणार, तेव्हा गोळी दुप्पट करू. परंतु वहीत वजन तेवढेच आहे, पायांवर सूज नाही, रात्री उशा वाढवाव्या लागलेल्या नाहीत. मग दुसरी कारणे क्रमाने तपासायची: औषधे चुकली का, वेदनाशामक गोळ्या घेतल्या का, संसर्ग झाला का, रक्तदाब वाढला का, छातीत दुखले का, आणि नाडी कशी आहे. या गृहस्थांची नाडी अनियमित लागते आणि ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघते. म्हणजे आकड्याने बरोबर इशारा दिला होता, पण पाण्याचा नव्हे. उपचारही बदलतो: रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा आणि हृदयाची गती किंवा लय आटोक्यात आणण्याचा विचार पुढे येतो, तर लघवीची गोळी विनाकारण वाढवली असती तर रक्तदाब आणि मूत्रपिंड यांनाच फटका बसला असता.

रुग्णालयातून घरी सोडताना मात्र हिशेब थोडा वेगळा असतो. दाखल होतानाच्या आकड्यापेक्षा घरी जातानाचा एनटी-प्रोबीएनपी ३० टक्के किंवा अधिक उतरलेला असेल, तर पुढचे काही महिने बरे जाण्याची शक्यता जास्त असते. तो तसाच राहिला किंवा वाढला असेल, तर पहिली भेट महिन्याने न ठेवता आठवड्याच्या आत ठेवणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी: आकडा उतरवणे हेच उद्दिष्ट समजू नका

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनच्या पॅराडाइम-एचएफ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यातील माहितीचे पुढे विश्लेषण झाले तेव्हा असे दिसले की सुरुवातीला एनटी-प्रोबीएनपी १,००० च्या वर असलेल्यांपैकी ज्यांचे ते महिनाभरात १,००० किंवा त्याखाली आले, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे यांचा धोका ५९ टक्क्यांनी कमी होता. हे वाचून साहजिकच वाटते की सर्वांचाच आकडा १,००० च्या खाली आणण्याच्या मागे लागावे. नेमका हाच विचार गाइड-इट या चाचणीत तपासला गेला. ८९४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार आकडा १,००० च्या खाली नेण्याच्या हेतूने वाढवले गेले, उरलेल्यांचे नेहमीच्या पद्धतीने. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत सुमारे ३७ टक्के रुग्णांना तीच दुर्घटना घडलेली होती. लाभाची आशा न उरल्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली होती.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. ज्यांचे हृदय औषधाला प्रतिसाद देण्याइतके सक्षम आहे, त्यांचा आकडा उतरतो आणि त्यांचे पुढेही बरे चालते. आकडा हा त्या क्षमतेची खूण आहे. ज्याचा आकडा उतरत नाही, त्याला केवळ जास्त औषधे देऊन पहिल्या गटात ढकलता येत नाही. म्हणून न उतरणाऱ्या आकड्याचा योग्य उपयोग असा: ज्या चार औषधगटांचा लाभ सिद्ध झाला आहे, ते चारही रुग्णाला सहन होतील त्या पूर्ण डोसात मिळत आहेत का, हे पुन्हा पडताळणे. उलट बाजूने, आकडा छान उतरला म्हणून एखादे औषध बंद करण्याचा विचारही करू नये. या चार गटांपैकीच एक असलेली, मुळात मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी२ रोधक औषधे तर एनटी-प्रोबीएनपी फारसे उतरवत नाहीत, तरीही रुग्णालयाच्या फेऱ्या लक्षणीय कमी करतात. आकड्यावर विसंबून त्यांचे मोल ठरवले असते, तर चांगले औषध हातचे गेले असते.

सहावी पायरी: ट्रोपोनिनकडे वेगळ्या नजरेने पाहा

ट्रोपोनिन म्हटले की लोकांना हृदयविकाराचा झटका आठवतो. जुनाट हार्ट फेल्युअरमध्ये मात्र, झटका आलेला नसतानाही, हृदयाच्या पेशींची संथ झीज चालू असते आणि ट्रोपोनिन थोडेसे पाझरत राहते. ४,०५३ रुग्णांच्या एका अभ्यासात जुन्या पद्धतीने ते १०.४ टक्के रुग्णांतच सापडले होते, तर अतिसंवेदनशील पद्धतीने तेच ९२ टक्के रुग्णांत सापडले. २०१८ मध्ये ९,२८९ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टी १८ नॅनोग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त असलेल्यांचा धोका, एनटी-प्रोबीएनपी आणि इतर घटक विचारात घेऊनही, अधिक आढळला. बीएनपी ताण दाखवते आणि ट्रोपोनिन झीज दाखवते, म्हणून दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त सांगतात.

स्थिर अवस्थेतील ट्रोपोनिन एकदा नोंदवून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. पुढे कधी छातीत दुखून रुग्णाला तातडीने न्यावे लागले, तर तेथील डॉक्टरांना जुना आकडा हाताशी मिळतो आणि आताचा आकडा नवा आहे की नेहमीचाच, हे लवकर ठरते.

सातवी पायरी: साध्या तपासण्यांना मागे टाकू नका

नव्या नावांच्या तपासण्यांपेक्षा पुढचा मार्ग जास्त वेळा बदलतो तो क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लोह यांमुळे. महिनोन्महिने चढत जाणारे क्रिएटिनिन आणि १३५ च्या खाली राहणारे सोडियम ही दोन्ही वाईट लक्षणे आहेत. परंतु अपवाद महत्त्वाचा आहे. रक्तदाब व हृदयासाठीची काही औषधे किंवा एसजीएलटी२ रोधक नव्याने सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते आणि स्थिरावते. सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची अशी सुरुवातीची वाढ, पोटॅशियम आटोक्यात असेल तर, सहसा स्वीकारली जाते. तेवढ्यावरून घाबरून औषध बंद करणे हीच अनेकदा खरी हानी ठरते.

लोहाची कमतरता हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत असते, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही असते, म्हणून वेगळी तपासणी मागवल्याशिवाय ती दिसत नाही. येथे नेहमीची मर्यादा चालत नाही. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) १०० पेक्षा कमी, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) २० टक्क्यांच्या खाली, अशी व्याख्या या आजारासाठी वापरली जाते, कारण शरीरातील दाहामुळे फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. अलीकडे तर सॅच्युरेशनवर अधिक भर दिला जातो. ताप किंवा संसर्ग असताना ही तपासणी टाळावी आणि लोहाची गोळी चालू असेल तर त्या सकाळी नमुना देईपर्यंत ती घेऊ नये. भविष्याचा अंदाज देणारा आणि त्याच वेळी उपचारही सुचवणारा असा हा विरळा निर्देशक आहे: पंपिंग क्षमता घटलेल्या रुग्णांत शिरेतून लोह दिल्याने चालण्याची ताकद आणि जगण्याचा दर्जा सुधारतो.

आठवी पायरी: नवे निर्देशक केव्हा मागवावेत

विरघळणारे एसटी२, गॅलेक्टिन-३ आणि सीए-१२५ ही नावे अलीकडे अहवालांत दिसू लागली आहेत. एसटी२ हे हृदयातील तंतुमयता आणि दाह यांच्याशी निगडित आहे. वय, वजन आणि मूत्रपिंड यांचा त्याच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो हे त्याचे बलस्थान. बराच काळ ३५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा वापरली गेली; ४,२६८ रुग्णांच्या विश्लेषणात २८ ही अधिक उपयोगी ठरली. गॅलेक्टिन-३ मूत्रपिंडाच्या कार्यानुसार इतके बदलते की त्याने स्वतंत्रपणे फार काही सांगितले असे क्वचितच होते. सीए-१२५ अंगात पाणी साठले की वाढते आणि सावकाश उतरते. हीच तपासणी अंडाशयाच्या कर्करोगासाठीही केली जात असल्याने, अहवाल पाहून घरात भलतीच घबराट होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ती कशासाठी मागवली आहे हे आधीच सांगून ठेवावे. ज्या तपासणीच्या उत्तराने पुढची कृती बदलणार नाही, ती नेहमी-नेहमी करून घेण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

नववी पायरी: सर्व आकडे एकत्र मांडा

वेगवेगळे घटक एकत्र करून धोका काढणारी गणनयंत्रे उपलब्ध आहेत. २०१३ मधील मॅगिक हे ३९,३७२ रुग्णांच्या माहितीवर आधारलेले असून १३ घटकांवरून एक आणि तीन वर्षांतील मृत्यूची शक्यता देते. त्यात क्रिएटिनिन आहे, पण बीएनपी नाही. बार्सिलोना बायो-एचएफ या गणनयंत्रात एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन टी आणि एसटी२ भरण्याची सोय आहे.

उत्तर वाचताना मात्र जपून वाचावे. 'तीन वर्षांत २० टक्के' याचा अर्थ असा की अशाच १०० रुग्णांपैकी सुमारे २० जण त्या काळात दगावतील आणि ८० जण असतील. आपला माणूस त्या २० मध्ये आहे की ८० मध्ये, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते पाच महिने किंवा सात महिने अशी मुदतही सांगत नाही. रुग्णाला आकडा ऐकायचा आहे का, हे त्यालाच आधी विचारावे. काहींना तो हवा असतो, काहींना नको असतो, आणि दोन्ही इच्छा योग्य आहेत.

दहावी पायरी: पुढच्या केंद्राकडे केव्हा जावे

एनटी-प्रोबीएनपी सर्व औषधे असूनही सतत चढे राहणे, क्रिएटिनिन चढत आणि सोडियम उतरत जाणे, वर्षभरात एकाहून अधिक वेळा दाखल व्हावे लागणे, लघवीच्या गोळीचा डोस वाढवत न्यावा लागणे, आणि पूर्वी सोसणारी औषधे रक्तदाब घसरल्यामुळे कमी करावी लागणे, या गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर प्रगत हार्ट फेल्युअरचे उपचार करणाऱ्या केंद्राचा सल्ला उशीर न करता घ्यावा. हृदयाला यांत्रिक आधार किंवा प्रत्यारोपण यांचा विचार मूत्रपिंड आणि यकृत खचण्याआधीच करावा लागतो. हे उपचार शक्य नसतील किंवा रुग्णाला नको असतील, तर त्रास कमी करणाऱ्या परिहारक उपचारांची टीम याच टप्प्यावर जोडून घ्यावी. त्या भेटीला जाताना मागील दोन वर्षांच्या नोंदींची वही, सध्याच्या औषधांची डोससह यादी, सर्व एको अहवाल आणि शेवटच्या दोन दाखल-नोंदींची डिस्चार्ज कार्डे सोबत न्यावीत. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढणे यांपैकी काही घडले, तर कोणत्याही रक्ततपासणीच्या अहवालाची वाट न पाहता थेट डॉक्टर गाठावेत.